मामाजी लॅपटॉप पसंत करतात

आमच्या मामेसासऱ्यांएवढा तक्रारींवर जीव असलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा निघणार नाही. स्वतः तक्रार करत नाहीत हो. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवतील. त्यांना हवी असते ती लोकांची तक्रार. घाटंजीत आमच्या मागच्याच गल्लीत ते एकटे राहतात. मामीजी गेल्या, मुलगा बंगलोरला नोकरीला. जन्मभर त्यांनी जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरवली. गाडीतला वरचा कापूस त्यांनी कधी पाहिला नाही. वरचा सगळ्यांचाच पांढराशुभ्र असतो. कोपरापर्यंत हात खुपसून पोटातला ओला, पिवळा कापूस बाहेर काढायचा आणि मगच भावाचं बोलायचं, ही त्यांची रीत. ते निवृत्त झाल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, लॅपटॉप घ्या. नात मोठी दिसन पडद्यावर. तुम्ही पसंत करा, मी पाठवतो." झालं! मामाजींनी तोच हात मोबाइलवर, लॅपटॉप घेतलेल्या गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांत खुपसला.

"पाच तारे म्हणजे वरचा कापूस, सूनबाई," ते मला सांगत. "एका ताऱ्यापासून वाचत जाय." पण तक्रारीचीही प्रत असते. खोका दबलेला आला, ही तक्रार बाद. तो गाडीवाल्याचा दोष, मालाचा नाही. घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी चिडून लिहिणारा अर्धाच धरायचा. सहा महिने वापरून शांतपणे लिहिणाऱ्याला मात्र पूर्ण मान. एकदा सिमल्याच्या कुणीतरी लिहिलं की लॅपटॉप तापतो. मामाजींनी तो लॅपटॉपच तिथं बाद केला. "सिमल्यात तापते, तं इथं मे महिन्यात त्याच्यावर भाकर भाजाची काय?"

जबलपूरच्या एका बाईंच्या लॅपटॉपची बिजागरी चौथ्या महिन्यात तुटली होती. मामाजी रोज पाहत, त्यांनी पुढं काही लिहिलंय का. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "कंपनीवाल्यानं फोन नाही उचलला तिचा. अजून काही लिवलं नाही तिनं. काय झालं असन?" सख्ख्या बहिणीची खुशाली कळायची राहिली असावी, असा चेहरा. मला हसू आलं. दिवसभर घरात बोलायला कुणी नसलं की माणूस कुणाकुणाची काळजी करतो, हे तेव्हा मला सुचलं नाही.

दर रविवारी सकाळी मुलाचा फोन येई. पूर्वी तो दोन मिनिटांचा असे. जेवले का, गोळ्या घेतल्या का, ठेवतो. लॅपटॉपचं निघाल्यापासून तो तासभर चालू लागला. मामाजी आठवड्याच्या तक्रारी वाचून दाखवत, मुलगा वाद घाली, हसे, म्हणे, "बाबा, तुमच्या पसंतीचा लॅपटॉप अजून पैदाच नाही झाला!" दीड वर्षात मामाजींनी एकोणतीस लॅपटॉप नापसंत केले. मी पडले शहाणी! दिराला, म्हणजे मामाजींच्या मुलाला, परस्पर फोन करून सांगितलं, "भाऊजी, मामाजीचं असंच चालत राहीन. पाठवून द्या कोणताही."

चार दिवसांत खोका आला. लॅपटॉप नामी निघाला. तापत नाही, अडकत नाही. पहिले दोन रविवार नात दिसली मोठ्या पडद्यावर. तिसऱ्या रविवारपासून तिचा नाचाचा क्लास लागला. फोन पुन्हा दोन मिनिटांवर आला.

परवाच्या रविवारी गेले, तर मामाजी लॅपटॉप उघडून, शेजारी मोबाइल ठेवून बसलेले. फोन येऊन गेला होता. "दोन महिने झाले सूनबाई," ते म्हणाले, "काहीच बिघडून नाही राह्यलं." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला आणि माझी मलाच लाज वाटली. मी उगाच लॅपटॉपला कान लावला आणि म्हटलं, "मामाजी, पंखा घरघरून राह्यला पाहा. भाऊजींले सांगा ना. आत्ताच लावा फोन."

मामाजींचा हात मोबाइलकडे गेला. मग थांबला. त्यांनीही वाकून कान लावला, आणि बराच वेळ तसाच लावून ठेवला.

"नाही सूनबाई," ते म्हणाले. "माल चांगला हाय. चांगल्या मालाले नावं कायले ठेवाची?"

आणि त्यांनी मोबाइल पालथा ठेवून दिला.