नचूचा पहिला शब्द

लहान मुलांना बोलतं करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं माझं ठाम मत होतं. ते मी सगळ्यांना पटवून दिलं होतं, फक्त माझ्या मुलाला सोडून.

नचू दोन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलेना. बायको रडकुंडीला आली. मीही आतून घाबरलो होतो. पण तसं दाखवतो कोण! मी रोह्याच्या बाजारातून चित्रांची कार्डं आणली. खेळातून भाषा! रोज तासभर त्याच्यापुढे गाय नाचवायचो.

"हे काय? गाय! कशी ओरडते? हम्मा! दूध कोण देतं? गाय!"

प्रश्न माझे, उत्तरं माझी, टाळ्याही माझ्याच. (पैकीच्या पैकी गुण!) नचू जांभई द्यायचा.

गणपतीच्या तोंडावर आम्ही हमरापूरला, सासूबाईंच्या मूर्तींच्या कारखान्यात गेलो. त्यांनी नचूला मातीचा गोळा आणि कोरडा ब्रश देऊन शेजारी बसवलं. त्या मूर्तीचा डोळा आखायच्या, हा गोळ्याचा. मग दोघं एकमेकांकडे बघून माना डोलवायची. आठवडाभर हेच.

"याला खेळ म्हणतात? ना शास्त्र, ना पद्धत!" मी बायकोला म्हणालो.

"आई, ऐकलंस का?" बायकोने हाक मारली.

"म्हनू दे गो," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्या तोंडाला कंदी सुट्टी हाय?"

डोळे आखताना कारखान्यात कुणी बोलत नाही. हात हलला की देव चकणा! सासूबाई ओठांवर बोट ठेवून "गप!" म्हणतात, की सगळे रंगारी मुके. त्या दिवशी मोठ्या मूर्तीची आखणी होती. सगळे श्वास रोखून उभे, आणि मी कार्ड घेऊन नचूपुढे उकिडवा!

"हे काय? हत्ती! सोंड कुठाय? ही सोंड! हत्ती काय खातो? केळी!"

नचूने ब्रश खाली ठेवला. ओठांवर बोट ठेवलं. माझ्याकडे अत्यंत तुच्छतेने पाहिलं.

"गप!"

सासूबाईंचा हात हलला आणि गणपतीची भुवई थेट कानात गेली.

"बोल्ला गो, बोल्ला!" त्या ओरडल्या. बायको रडायला लागली. खरं सांगायचं तर मीही रडलो.

भुवई पुसता पुसता सासूबाईंनी विचारलं, "जावयबापू, त्याला बोलायला तुमी कंदी जागा ठेवलीत का?" आणि माझ्याही हातात मातीचा गोळा दिला. "घ्या. खेला गप बसून."

नचू आता दिवसभर बडबडतो. बायको म्हणते, बापावर गेलाय. यावर मलाही काही बोलायचं आहे. पण तो बोलू देईल तर ना!