दहापैकी दोन

हे लिहायचं मी पाच वर्षं टाळलं. दोनदा कागद घेऊन बसलो आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणावर लिहून उठलो. आता वय ब्याऐंशी आहे. ज्यांच्याविषयी लिहायचं त्या गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या नवऱ्याबद्दल लोणावळ्यात आणि वलवणला जे बोललं जातं ते खोटं आहे, आणि ते खोटं माझं आहे. म्हणून लिहितो.

“मला काय कळतंय म्हना, पन...” असं म्हणून त्या ओले हात पदराला पुसायच्या. हात कोरडे होईपर्यंत थांबायच्या आणि मग उरलेलं वाक्य बोलायच्या. ते वाक्य बहुतेक वेळा आमच्या सगळ्यांच्या बोलण्याहून बरं असायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांचं ऐकतो, हसतो, आणि दोन दिवसांनी तेच आपलं म्हणून दुसऱ्याला सांगतो.

त्या आमच्या वाचनालयात झाडलोट करायच्या, चहा करायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. मीही म्हणायचो, पण वयानं वीस-बावीस वर्षांनी मोठा आणि त्यातून शाळामास्तर, त्यामुळे मावशी म्हणूनही अगं-तुगंच करायचो. आज लिहिताना ‘त्या’ म्हणतोय. तेवढं तरी.

वाचनालयात वाचणारे कमी झाले तेव्हा एका सभासदानं घरातला जुना टीव्ही आणून दिला, आणि जोशीबाईंच्या नातीनं त्यावर हिंदीतून बोलणाऱ्या कोरियन मालिका लावून दिल्या. जोशीबाई म्हणजे निवृत्त परिचारिका. बँकेतून निवृत्त झालेले देशमुख, मी, आणि आणखी पाच जण. रोज दुपारी चारला एक भाग. पहिल्या आठवड्यात आम्ही त्या मालिकांना नावं ठेवली. दुसऱ्या आठवड्यात जोशीबाई रडल्या. तिसऱ्यात देशमुख चष्मा पुसायला लागले आणि दोष लोणावळ्याच्या धुक्याला देऊ लागले.

छत्तीस वर्षं मी पेपर तपासले. त्यामुळे मालिका संपली की गुण द्यायची पद्धत मीच पाडली. प्रत्येकानं चिठ्ठीवर दहापैकी आकडा लिहायचा, चिठ्ठ्या बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या, मी सरासरी काढून फळ्यावर लिहायची. पुढची मालिका संपेपर्यंत तो आकडा कुणी पुसायचा नाही. तुम्हाला हसू येईल, पण एका अर्ध्या गुणावरून मी आणि देशमुख चार दिवस बोललो नव्हतो.

मावशी दारात उभ्या राहून बघायच्या. खुर्ची दिली तरी बसायच्या नाहीत. एकदा देशमुखांनी गमतीनं त्यांनाही चिठ्ठी दिली. एका श्रीमंत घराण्यातल्या भांडणांची मालिका होती, आम्ही सगळ्यांनी आठ-नऊ दिले होते. त्यांनी दिले चार.

“चारच का गं?” मी विचारलं.

“मला काय कळतंय म्हना, पन येवढं मोठं घर, रोज वीस-पंचवीस मानसं जेवत्यात, अन् भांडी घासताना कुनी दिसलं न्हाई. असल्या घरातली भांडनं मला खरी वाटत न्हाईत.”

देशमुख हसता हसता खुर्चीतून पडायचे राहिले. त्या दिवसापासून मावशींची चिठ्ठीही डब्यात पडू लागली. मला ते आवडलं नव्हतं. मी तसं बोललो नाही, इतकंच.

त्यांचा नवरा टेम्पो चालवायचा. एका सकाळी वलवणहून तळेगावला जातो म्हणून निघाला तो आलाच नाही. टेम्पो मालकाच्या दारात उभा, किल्ली मालकाकडे, माणूस नाही. या गोष्टीला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पोलिसांत द्यायचा अर्ज मीच लिहून दिला होता. नवऱ्याचा फोटो समोर ठेवून मी वर्णन लिहिलं: रंग सावळा, बांधा मध्यम, उजव्या भुवईत जुन्या जखमेची खूण.

“लहानपनी बैलानं मारलंय ते,” त्या म्हणाल्या. “ते बी लिवा की, गुरुजी.”

“अर्जात असलं लिहीत नाहीत,” मी म्हणालो.

सासू आणि दिराच्या घरात त्या राहायच्या. कपाळाला कुंकू, गळ्यात काळी पोत. कधीतरी नवरा येईल, या एकाच गोष्टीवर त्या घरात त्यांची जागा टिकून होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अर्ज लिहिणाऱ्या मला जास्तच माहीत होतं.

आणि मग ती मालिका आली. समुद्राकाठच्या गावात शेवयांचं लहानसं दुकान चालवणारी बाई, मासेमारीला गेलेला तिचा नवरा, परत न आलेली बोट. सोळा भाग ती वाट बघते. बाराव्या भागात खडकात अडकलेले त्याचे बूट सापडतात. शेवटच्या भागात ती दुकान आवरत असते, दाराची घंटी किणकिणते, ती मान वर करते, आणि पडदा काळा होतो. संपलं.

आमच्या खोलीत जो गोंधळ झाला तो शाळेत निकालाच्या दिवशीही होत नसे. देशमुख म्हणाले, ही शुद्ध फसवणूक आहे, सोळा दिवस बसवून ठेवलं आणि दार उघडून दाखवायला यांना एक मिनिट मिळालं नाही. जोशीबाई म्हणाल्या, ती बाईच कधीची मेलेली आहे, तुम्हाला कळलं नाही. मी उभा राहिलो आणि शाळेत उभा राहायचो तसा बोललो. तो माणूस बुडालेला आहे, बूट हा त्याचा पुरावा आहे, घंटी वाऱ्याची आहे. लेखकाला शेवट लिहिण्याची हिंमत झाली नाही म्हणून त्यानं दिवा घालवला. दहापैकी दोन.

चिठ्ठ्या निघाल्या. दोन, तीन, दोन, एक. मी ओळीनं वाचत गेलो. एका चिठ्ठीवर दहा होते. ती मी बाजूला ठेवली आणि सरासरी काढली. फळ्यावर दोन लिहिले.

“गुरुजी, माझी चिठ्ठी न्हाई धरली,” दारातून आवाज आला.

“नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईनं असल्या मालिकेला दिलेले गुण धरत नसतात,” मी म्हणालो. “ते गुण नाहीत, नवस आहे.”

सगळे हसले. मी हे लिहितोय ते अगदी घडलं तसं लिहितोय. जोशीबाईही हसल्या. मावशींनी हात पदराला पुसले. या वेळी हात कोरडेच होते.

“मला काय कळतंय म्हना, पन पेपर अवघड निघाला म्हनून मास्तर मार्क कापत्यात व्हय? अन् तो बुडाला न्हाई.”

“कशावरून?”

“बुटावरून. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकीला बांधल्यात. पायात असल्यावं कुनी अशा बांधतंय का? आमी चिखलात उतरायचं झालं की चपला अशाच बांधून गळ्यात टाकतो. त्यानं बूट काढलं, गळ्यात टाकलं अन् पान्यातनं चालत आला, वाटंत ते गळ्यातनं निसटलं. चालत आला म्हंजी पाय टेकत व्हते. काठाजवळ व्हता तो.”

मग देशमुख म्हणाले, “लावा बारावा भाग.”

लावला. त्या बाईच्या रडण्याकडेच आम्ही बघत बसलो होतो. देशमुखांनी चित्र थांबवलं आणि टीव्हीला नाक लावून पाहिलं. दोन बूट, आणि त्यांच्या नाड्यांची एकमेकींत मारलेली स्वच्छ गाठ.

“गुरुजी,” देशमुख म्हणाले, “तुमचा पेपर कुणीतरी तपासायला हवा होता.”

आता सगळे जास्त जोरात हसले. नव्या चिठ्ठ्या मागवल्या गेल्या. सात, आठ, आठ, नऊ. देशमुखांनी माझ्या हातातला खडू घेतला, फळ्यावरचा माझा दोन पुसला आणि सरासरी त्यांनी स्वतः लिहिली. कुणीतरी म्हणालं, मावशी, आता तुम्हीच वर्ग घ्या. त्या लाजल्या आणि चहाचे कप गोळा करू लागल्या.

माझ्या हातात कप होता. तो घ्यायला त्या माझ्यासमोर आल्या. चेहरा उजळलेला होता. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता, आणि मला तो सहन झाला नाही. याहून वेगळं कारण मला आजही सापडलेलं नाही.

“बरोबर आहे तुझं,” मी म्हणालो. “काठाला लागला. जिवंत होता. जिवंत असून घरी आला नाही, म्हणजे बायको नको होती. तुझ्यासारखंच.”

“म्हंजी?”

“तुझा नवरा सोमाटण्याला आहे. फाट्यावर, पंक्चरच्या दुकानात. गेल्या महिन्यात एसटीतून जाताना पाहिला. शेजारी बाई होती. कडेवर पोर होतं.”

मी त्यांच्या नवऱ्याला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. फक्त फोटो पाहिला होता. एसटीतून सोमाटण्यावरून गेलो होतो, एवढंच त्यात खरं. पंक्चरचं दुकान तर तिथं असतंच.

त्यांनी कप खाली ठेवला. “भुवईवर खून व्हती?”

तिथं थांबता आलं असतं. धुळीत नीट दिसलं नाही, म्हणता आलं असतं.

“उजव्या,” मी म्हणालो.

देशमुख, जोशीबाई, सगळे ऐकत होते. कुणी हसलं नाही. माझ्या बोलण्यावर कुणी शंकाही घेतली नाही, कारण गुरुजी खोटं बोलत नाहीत हे लोणावळ्यात सगळ्यांना माहीत होतं.

पुढचं मला देशमुखांकडून कळत गेलं. तीन रविवार त्या फोटो घेऊन सोमाटण्याच्या फाट्यावर दुकानं धुंडाळत होत्या. टायरवाले, हॉटेलवाले, रिक्षावाले. कुणी म्हणालं, असा एक होता, गेला सोडून. असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. चौथ्या रविवारी दीर बरोबर गेला. परत आल्यावर तो म्हणाला, “दादानं तुला सोडलीय. त्याचं दुसरं घर झालंय. मंग हितं तू कोनाची?” सासू आतून काही बोलली नाही. आठवड्याभरात त्या एक पत्र्याची पेटी घेऊन कान्ह्याला भावाकडे गेल्या.

देशमुख मला म्हणाले, “वाईट झालं, पण सत्य ते सत्य. बरं झालं तुम्ही सांगितलंत.” मी मान हलवली. वाचनालयाला दुसरी बाई मिळाली. ती टीव्ही बघत नसे. आम्ही आणखी दोन मालिका पाहिल्या आणि तो प्रकार आपोआप बंद पडला.

दीड वर्षानं मी कान्ह्याला गेलो. स्टेशनवर उतरून चालताना वाक्य घोळवत होतो. मावशी, मी खोटं बोललो. चार शब्द. छत्तीस वर्षं मुलांकडून असली वाक्यं मी पट्टी हातात घेऊन वदवून घेतली होती.

त्या अंगणात वाल निवडत होत्या. मला बघून उठल्या, भावजयीला खुर्ची आणायला लावली. बारीक झाल्या होत्या. कपाळावर कुंकू होतं.

“गुरुजी, येवढ्या लांब कशापायी आलात?”

“सहज,” मी म्हणालो.

“मला वाटलंच व्हतं तुमी येनार. मनाला लावून घिऊ नगा. मी तुमच्यावं रागावले न्हाई.” चहा आला, त्यांनी बशी माझ्या हातात दिली. “नऊ वर्सं रोज वाटायचं, कुटं दरीत पडला का, कुटं गाडीखाली आला का. झोप म्हनून न्हवती. तुमी सांगितलं तवा कळलं, जित्ता हाय. त्या दिसापासून झोपते मी.”

मी बशीतला चहा बघत राहिलो.

“एक विचारू का? भावासमोर बोलता येत न्हाई.” त्यांनी आवाज खाली आणला. “बारीक दिसत व्हता का?”

“नाही,” मी म्हणालो. “अंगानं भरलाय.”

“मंग ठीक. ती बाई करून घालत असंल येळेवर.” त्यांनी थोडा वेळ वाल निवडले. “पोर कुनावर गेलंय?”

“त्याच्यावरच.”

तेव्हा त्या हसल्या. मला वाटतं, तो हसलेला चेहरा बघून मी उठलो. उठताना मनात म्हणालो, निघताना सांगू. दाराशी सांगू. गल्लीच्या तोंडाशी सांगू. त्या गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आल्या, पायात चपलाही न घालता.

“गुरुजी, तुमचं त्या रस्त्यानं जानं-येनं असतंय,” त्या म्हणाल्या. “परत कदी दिसला तर माझं काय सांगू नगा. फकस्त येवढं सांगा, आई गेली म्हनून. गेल्या म्हयन्यात गेली. दहाव्याला तो न्हवता. त्याला कुनी कळवलंच नसंल.”

मी तोंड उघडलं. ते चार शब्द जिभेवर होते, खरंच होते.

“सांगतो,” मी म्हणालो.