मोठा व्हॉल्व्ह आणि लवळ्याचा चढ

लवळ्याच्या चढावर आईला रोज गाडीवरून उतरावं लागायचं. होस्टेलच्या पोरांचे अठरा डबे आम्ही घरी करायचो. त्यावरच घर चालायचं आणि माझं कॉलेजही. गाडी जुनी. अर्ध्या चढात तिचा दम संपला की ती चालवणारे आप्पा, माझे वडील, मान न वळवता म्हणायचे, "उतर." मग डबे गाडीवर, आप्पा गाडीवर आणि आई पायी, सुजलेले गुडघे घेऊन. वर पोचून आप्पा हॉर्न वाजवत बसायचे. एकदा पोरांनी तिचा व्हिडिओ काढला. त्यातल्या दोघांचे डबे आमच्याच पिशवीत होते.

आमच्या घराण्यात डिग्री घेतलेली मी पहिली. हे सांगायला मी लाजत नाही. निकाल लागला त्याच आठवड्यात गाडीच्या इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवून ओट्यावर घेतलं. मोठ्या गाडीचा इनलेट व्हॉल्व्ह बसवला की इंजिन जास्त हवा ओढेल आणि चढ चढेल, अशी माझी समज. जांबे गावच्या लेथवाल्याकडून व्हॉल्व्हची बैठक मोठी कापून आणली. मग तिला घासायची खरखरीत पेस्ट लावून, व्हॉल्व्हला चिकटवलेली काडी तळव्यांत धरून, रवी फिरवतात तशी दोन दिवस घासली. व्हॉल्व्ह पिस्टनला थडकतो का ते बघायला पिस्टनवर कणकेचा गोळा ठेवला आणि इंजिन हातानं फिरवलं.

"चार वर्षं शिकली," आप्पा म्हणाले, "आन् आता इंजिनाला चपात्या घालतीया."

"तुमी एक दिवस खाली उतरला असता तर हे करावंच लागलं नसतं."

त्यांनी पाना फेकला. माझ्या खांद्यावर बसला.

"अवो, हेडाला लागला असता की!" आई ओरडली. खांद्याचं कुणी विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी गाडी नेहमीच्याही अलीकडे बंद पडली. झटक्यानं मागं सरकली, एक डबा उघडला आणि गरम आमटी आईच्या मांडीवर. मी वळणावर उभी राहून बघत होते.

आप्पा हसले. पोट धरून हसले. "झाली का गं इंजिनेर?"

आई हसली नाही. "तुझ्या शिक्षणानं भाजले मी," म्हणाली.

खरंच होतं. मोठा व्हॉल्व्ह कामाला येतो तो इंजिन जोरात फिरताना. आप्पा चढ रांगत चढायचे, आणि हळू फिरणाऱ्या इंजिनात होती तेवढी ताकदही मी घालवली होती. पुस्तकात हे होतं. परीक्षेत लिहून मी त्याचे मार्कही घेतले होते.

मग चेनचं मागचं चाक जास्त दातांचं बसवलं, म्हणजे चढावरसुद्धा इंजिन जोरात फिरत राहील.

"मी न्हाई बसनार," आप्पा म्हणाले. "तूच मार तिला."

मी चावी घेतली. आई मागं सरली. मांडीवरचे फोड अजून ओले होते.

"बस," मी म्हणाले. आवाज आप्पांचाच निघाला.

ती बसली. चढावर माझी कंबर तिनं नखं रुतेपर्यंत धरली होती. पहिल्या गिअरमध्ये रेस पूर्ण पिळली, इंजिन किंचाळत राहिलं, मी हात सोडला नाही.

आई कुठंही न उतरता, अठराच्या अठरा डब्यांसकट, होस्टेलच्या दारात पोचली.