मेहनत किती, पोटात किती

अन्न मिळवायला माणसाची किती ताकद खर्च होते, हे मोजणारा आमचा विभाग. नागपूरच्या एका कॉलेजातला, मानववंशशास्त्राचा. दिवसभर दुसऱ्यांच्या खाण्यामागे लागलेली माणसं एकत्र आली, की किस्से साचतातच.

*

आमचे लोखंडे सर मूळचे नरखेडचे. वर्गात रंगून सांगत होते, "चिंपांझी फारसा दमत नाही, पण पानं-फळं चघळण्यातच त्याचा दिवस जातो. माणूस ताकद जास्त घालवतो, पण थोड्या तासांत कितीतरी जास्त अन्न घरी आणतो."

"मग उरलेल्या वेळात काय करतो, सर?" मागच्या बाकावरची एक मुलगी.

"तू मघापासून काय करून राहिली? तेच!"

*

नरखेडच्या बागेत संत्रातोडणीची मोजणी होती. तोडणाऱ्या शेवंताबाईंच्या तोंडाला आम्ही श्वासावरून खर्च झालेली ताकद मोजणाऱ्या यंत्राचा मास्क बांधला.

"काहून जी साहेब, तोंड बांधून राहिले? खाऊन टाकीन का मी तुमचे संत्रे?"

त्यांनी एकही खाल्लं नाही. पण तोडता तोडता आम्हाला मात्र आग्रहाने देत राहिल्या. संध्याकाळी तोडलेल्या आणि टोपलीतल्या संत्र्यांचा मेळ बसेना. विभागप्रमुख देशकर मॅडमनी आमच्या पायाशी पडलेल्या साली पाहिल्या.

"आज सगळ्यात कमी मेहनतीत सगळ्यात जास्त कोणाला मिळालं?"

आम्ही हात पुसले.

*

त्याच बागेत एका वानराने लोखंडेंचा डबा पळवला. लोखंडे धावले.

"सोडा हो," मॅडम म्हणाल्या. "त्याला शेपूट आहे. माणूस-चिंपांझीच्या आपल्या अभ्यासात बसत नाही."

"मॅडम, माझा डबा तर बसतो ना!"

*

माझी बायको नलू म्हणायची, "चिंपांझी बरा. स्वतः तोडतो, स्वतः खातो. तुम्हाला हातात ताट लागतं!"

मागच्या वर्षी नलू गेली. मी डबा नेणं सोडलं. जेवणाच्या सुट्टीत दार लावून चहा-बिस्किटं घ्यायचो. घरीही तेच. शर्ट सैल झाले. कोणी काही विचारलं नाही.

*

एका रविवारी मॅडम आणि लोखंडे ते मास्कचं यंत्र घेऊन मनीषनगरला माझ्या घरी आले.

"स्वयंपाकाची मोजणी राहिली आहे. तुम्हीच करा."

"मला येत नाही."

"शिकाऊ माणूसच हवा आहे."

मास्क बांधून भाजी आणली, चिरली, फोडणीला टाकली. चव घेता येईना. मीठ दोनदा पडलं. भात मात्र भरपूर झाला.

तिघं जेवायला बसलो. लोखंडेंनी पहिला घास घेतला, पाणी प्यायले.

"चिंपांझी उठून गेला असता गा!" म्हणाले, आणि पुन्हा वाढून घेतलं. मीही घेतलं.

जेवण झाल्यावर मी यंत्र पिशवीत ठेवायला घेतलं. हलकं लागलं. मागचं झाकण उघडून पाहिलं.

"याची बॅटरी कुठे आहे?"

लोखंडेंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी ताट पुढे सरकवलं.

"भात आहे का अजून?"