पंडुमाआधीची मोहफुलं

ती आली की आमच्या ऑफिसात खुर्च्या कमी पडतात. नागपूरच्या रामदासपेठेत, तिसऱ्या मजल्यावर आमची बैठकीची खोली आहे, तिथे आठ खुर्च्या आहेत, आणि ती कधी एकटी येत नाही. सात जण घेऊन येते, त्यात निम्म्या बाया. तिच्या गावसभेचा नियमच आहे की बोलणीला कोणी एकट्यानं जायचं नाही आणि शहरात कुठल्याही कागदावर सही करायची नाही. सही गावात, सगळ्यांसमोर. मी 'तिच्या गावसभेचा' म्हणते खरं, पण ते गाव माझंही आहे. गडचिरोलीकडचं, जंगलातलं, आम्हा गोंडांचं. आम्ही दोघी तिथंच जन्मलो, एका आश्रमशाळेत शिकलो आणि नागपूरच्या मुलींच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहिलो.

सरळच सांगते, मी तिच्यावर जळते. आधी हे मी 'मतभेद' या नावाखाली चालवत होते. आता तेवढं अवसान उरलं नाही.

वसतिगृहात हुशार मी होते. समाजकार्याच्या परीक्षेत मला पहिला वर्ग मिळाला आणि ती माझ्या वह्या वाचून कशीबशी पास झाली. निरोप समारंभाला तिनं माझी निळ्या काठाची साडी नेसायला घेतली, ती आजतागायत परत दिली नाही. नंतर 'चार दिवस घरी जाऊन येते' म्हणून गेली आणि तिकडेच राहिली. मला तिची दया आली होती. चार जणांना मी ती बोलूनही दाखवली.

मग गावाला जंगलाचा हक्क मिळाला. मोहफुलं, चारोळी, बांबू, सगळं गावानं स्वतः विकायचं. व्यापारी सांगेल तो भाव घ्यायचा नाही, हे तिनं घरोघर जाऊन पटवलं. बघता बघता आसपासची गावं जोडली गेली आणि ती त्या सगळ्यांच्या संघाची अध्यक्ष झाली. वर्तमानपत्रात फोटो आला. एक मोठा अधिकारी चटईवर मांडी घालून बसलाय आणि ही त्याला काहीतरी समजावतेय. अंगावर माझी साडी. बातमी मी वाचलीच नाही, नुसती साडी बघत बसले.

माझं काम गावांची आणि कंपन्यांची गाठ घालून देण्याचं. कार्डावर 'भागीदारी प्रमुख' असं छापलंय. पण गावात फोन केला की पलीकडून एकच उत्तर यायचं, "तिले विचारून सांगतो." गुडघा दाखवायला नागपूरला ये, असं मी आईला म्हटलं, तर आईही म्हणाली, "तिले विचारतो, मग येतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गुडघा आईचा, डॉक्टर मी शोधलेला, आणि विचारायचं तिला!

म्हणून मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीचं काम मी जिवाच्या करारानं हाती घेतलं. त्यांना मोहाचे लाडू आणि बिस्किटं बाजारात आणायची होती. वर्षभर मी त्यांच्या मागे लागले होते. हा करार झाला की गाव म्हणेल, हे आपल्या पोरीनं केलं. पोरगी म्हणजे मी. मला तेवढं एकच वाक्य ऐकायचं होतं.

शेवटच्या बैठकीआधी कंपनीच्या साहेबांनी सहज विचारलं, "यंदाची फुलं चाखायला मिळतील का?" मी म्हटलं, मिळतील ना, न मिळायला काय झालं! आणि आईला फोन लावला. "यंदाचेच पाहिजे का?" आईनं विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाली, "बरं." तिसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर कापडी पिशवी आली.

आता यात माझी चूक काय, हे आमच्याकडचं लहान मूलही सांगेल. मोह गळायला लागला की फुलं वेचायची, वाळवायची, पण पंडुम होईपर्यंत तोंडात घालायची नाहीत आणि विकायचीही नाहीत. पंडुम म्हणजे नव्या पिकाचा आमचा सण. आधी गावदेवाला द्यायचं, मग माणसांनी खायचं. हा नियम ज्याच्या घरून मोडतो, त्या घराचं गावात नाव जातं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी विसरले. इतकी वर्षं मोहफुलं मी पाकिटात आणि अहवालात बघत आले होते, त्यांना सण असतो हेच डोक्यातून गेलं.

बैठकीच्या दिवशी ती सात जणांना घेऊन आली. येणाऱ्यांची गावात पाळी लागते आणि या वेळी पाळी माझ्या आईची होती. सोबत भूमयाही होता, म्हणजे गावदेवाचं सगळं करणारा म्हातारा. मी शेजारच्या ऑफिसातून खुर्च्या आणवल्या. साहेब आले. मी काचेच्या बश्यांमध्ये फुलं मांडली आणि फार ऐटीत म्हणाले, "यंदाची पहिली मोहफुलं!"

कोणी हात पुढे केला नाही. साहेबांनाही काही कळेना, त्यांचा हात बशीजवळ जाऊन थांबला. आई फरशीकडे बघत होती. तिच्या मानेकडे पाहिलं आणि मला एकदम सगळं आठवलं.

भूमया शांतपणे म्हणाला, "पंडुम तं व्हायचा हाये. हे कोणाच्या घरचे फुलं हायेत?"

मी बोलायला हवं होतं. मी मागवली, आईचा दोष नाही, एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. पण समोर साहेब होते, वर्षभराची मेहनत होती, आणि मुख्य म्हणजे ती होती. तिच्यासमोर मला चुकायचं नव्हतं. मी तोंड मिटून बसले. माझी आई माझ्यासमोर चोरासारखी बसली होती आणि मी कागद सारखे करत होते.

तेवढ्यात तिनं बशीतलं एक फूल उचललं, तोंडात टाकलं आणि सगळ्यांच्या देखत सावकाश चावून खाल्लं.

"मागच्या सालचे हायेत," ती म्हणाली. "माह्या घरचे. मीनंच पाठवले होते. मॅडमची समजण्यात चूक झाली."

नियमाला इतकी पक्की बाई खाते म्हटल्यावर प्रश्नच मिटला. बाकीच्यांनी एकेक फूल घेतलं. साहेबांनी दोन घेतली आणि 'छान आहे' म्हणाले. मग तिनं बोलणी अशी केली की मी ऐकतच राहिले. पंडुम झाल्याशिवाय माल निघणार नाही, तारीख गाव ठरवेल, सही गावात येऊन करायची. साहेब सगळ्याला हो म्हणाले. करार ठरला. मी बैठकीचं इतिवृत्त लिहीत होते आणि डोक्यात फक्त 'मॅडम' घुमत होतं. माझ्या खोलीतली मुलगी मला मॅडम म्हणाली!

जाताना मी आईला जिन्यात गाठलं. "माय, ते खरंच मागच्या सालचे होते?"

"यंदाचे होते."

"मग पाठवले काहून?"

आई गुडघ्यावर हात ठेवून एक पायरी उतरली. मग म्हणाली, "तू कधी काही मांगतच नाहीस वं. मले वाटलं, एवढं मांगून राहिली तं देऊन टाकावं."

"आणि तिले माहीत होतं?"

"रंगावरून समजते. तिले नाही समजन तं कोणाले समजन?"

मी तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. म्हणजे पंडुमाआधी तिनं जाणूनबुजून नवं फूल खाल्लं होतं, माझ्या आईसाठी. जे मी करायचं ते तिनं केलं होतं. तिचे उपकार वाटायला हवे होते आणि वाटलेही असतील, पण खरं सांगते, त्याहून जास्त मी जळले. साडी नेली, गाव नेलं, आईला विचारण्याचा मान नेला, आणि आता आईला वाचवणंही हिनंच नेलं. माझ्यासाठी हिनं ठेवलं तरी काय?

पंडुमाचा दिवस ठरला. करारावर सही त्यानंतरच्या आठवड्यात व्हायची होती, त्यामुळे माझं तिथे काही काम नव्हतं. तरी गेले. देवाच्या झाडाखाली गाव बसलं होतं, बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला. नवी फुलं टोपल्यांतून पुढे मांडली होती. पूजा सुरू करण्याआधी भूमया नेहमीसारखं विचारतो, कोणाच्या हातून काही चुकलं असेल तर आताच सांगा. आणि मी पाहिलं, तिनं पदर खोचला आणि हात जमिनीला टेकवला. ती उठणार होती. खोटं बोलले, नवं खाल्लं, दंड द्या म्हणणार होती. मग दंड भरून ती आणखी मोठी होणार होती. गाव मान डोलावणार होतं, आणि त्यात माझी आई सगळ्यात आधी.

ते मला सहनच झालं नाही. माझ्यात एकाएकी सज्जनपणा आला असं कोणी समजू नये. तिला हेही मिळू द्यायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं. ती गुडघ्यावर येईपर्यंत मी ताडकन उभी राहिले.

"ते फुलं मीनं मांगितले होते," मी मोठ्यानं म्हणाले. "मायले नाही म्हणता आलं नाही. अन् तिनं खाल्लं ते मी तोंड उघडलं नाही म्हणून. दंड माह्यावर टाका."

भूमयानं बंडीच्या खिशात हात घातला आणि एक सुकलेलं मोहफूल काढून देवापुढे ठेवलं. बैठकीतलं. त्यानं ते खाल्लंच नव्हतं.

"मी वाट पाहून राहिलो होतो," तो म्हणाला, "कोण बोलते ते."

दंड पडला. एक कोंबडी, आणि पुढच्या मोसमात गावात राहून आईसोबत मोह वेचायचा. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "माही पोरगी हाये ते."

बसायला गेले तर जागा नव्हती. ती चटईवर थोडी सरकली. "बस वं," म्हणाली. आता मॅडम नव्हते मी. पण आई माझ्याकडे बघत होती, आणि ती आईकडे. त्या वेळी तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी नीट पाहून घेतलं. ते मला ओळखता येतं. तेच मी कित्येक वर्षं रोज आरशात बघत आले आहे.