डब्यातली बाई आणि पिराजीतात्या

आमच्या गावात वेळ बघायला घड्याळ लागत नाही. पिराजीतात्या पाणी सोडायला कुठल्या गल्लीत पोचलेत ते बघायचं. मारुतीच्या देवळापाशी असले तर सात, वरच्या गल्लीत असले तर आठ. माणूस असा की तापानं फणफणला तरी कॉक फिरवायला येणार, आणि आल्यावर दारातल्या प्रत्येक बाईला दोन शब्द ऐकवणार.

मी क्रांती. हुपरीपासून चार किलोमीटरवरच्या आमच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते, दाखले काढते. आमची आणि तात्यांची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळं ऑफिसात आणि घरी, दोन्हीकडं त्यांचा आवाज माझ्या कानाशी. मोटर चालू करणं, पाणी सोडणं आणि माइकवरून पुकारणं, ही त्यांची तीन कामं. पुकारण्याची त्यांची एक तऱ्हा होती. "खालच्या गल्लीला आज पाणी न्हाय. मोटर जळल्या. कवा येणार ते मला इचारू नका, मी काय मोटरचा डाक्टर न्हवं." एवढं बोलून माइक बंद. टाकीवरच्या चार कर्ण्यांतून ते सगळं रानापर्यंत ऐकू जायचं. लोक हसायचे, पण ऐकायचे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात ऑफिसात एक डबा आला. त्याच्या आदल्या वर्षी शेजारच्या गावात वळवाच्या पावसात वीज पडून दोन माणसं गेली होती. म्हणून एका संस्थेनं आजूबाजूच्या गावांना वादळाचा इशारा देणारे रेडिओ वाटले. साधाच दिसायचा, दप्तराएवढा. इशारा आला की आधी किंचाळायचा, मग त्यातून एक बाई बोलायची. संस्थेच्या माणसानं टाकीवर एरियल बांधली, डब्याची वायर आमच्या माइकच्या मशीनला जोडली आणि चहा पिऊन गेला. आता इशारा आला की बाई आपोआप अख्ख्या गावाला ऐकू जाणार होती.

तात्या तेवढा वेळ भिंतीला टेकून बघत होते. माणूस गेल्यावर म्हणाले, "म्हंजे आता ही बोलणार. मग मी काय करू? हिला चहा देऊ?"

"तुम्ही फक्त लांब राहा तात्या," मी म्हटलं. "ते बटण दाबू नका, ती वायर हलवू नका. तुमचा हात लागला की वस्तू जाते."

खोटं नव्हतं ते. पण बोलायला नको होतं, हे आता कळतंय.

पहिल्या आठवड्यातच बाईनं अब्रू घालवली. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि ही भर दुपारी किंचाळली. "पुढील तीन तासांत तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह वादळी पावसाची शक्यता. नागरिकांनी सुरक्षित स्थळी आश्रय घ्यावा." एक थेंब पडला नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी परत. आमच्या गल्लीतली बायडाबाई म्हणजे चालतं-बोलतं आकाशवाणी केंद्र. ती ऑफिसच्या दारात उभी राहून म्हणाली, "ही कुणाची सून गं आणल्यासा? नुसती कोकलती, काम काय न्हाय!"

मी इंग्रजी माहितीपत्रक काढून वाचलं. संस्थेच्या माणसानं घाईत अख्खा जिल्हा लावून ठेवला होता. तिकडं शाहूवाडीच्या डोंगरात गडगडलं की इकडं आमच्या कानठळ्या! मी आणि तात्यांनी बसून तो हातकणंगले तालुक्यावर आणला. तात्यांनी चष्मा पुसून पुसून आकडे वाचले, मी बटणं दाबली. मग बाई गप्प झाली, आणि पुढचे आठ-दहा दिवस तात्याही निवांत होते.

मेच्या सुरुवातीला ती बोलली, आणि या वेळी खरं बोलली. उगवतीकडून काळं आभाळ चढत होतं. बाईचं वाक्य पुरं व्हायच्या आत गावात पळापळ झाली. मी खिडकीतून बघितलं तर बाहेरची माणसं घरात येण्याऐवजी घरातली माणसं बाहेर! कुणी माळावर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला, कुणी शेणीच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, रचीवर प्लास्टिक टाकायला, आणि निम्मं गाव रानात, झाडाखाली बांधलेली म्हैस सोडून आणायला. बायडाबाई तर पाटी घेऊन आंब्याखाली, वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्या वेचायला. डबा यायच्या आधी ही माणसं आभाळ गळ्याशी आल्यावर पळायची. आता अर्धा तास आधी कळल्यामुळं दुप्पट माणसं रानात पोचली, आणि पोचली तेव्हा बरोबर विजा सुरू झाल्या.

तात्या माझ्या मागं उभे होते. "क्रांते, आगं ह्यो डबा माणसं वाचवतोय का मारतोय?"

आणि त्या पळणाऱ्यांत सगळ्यांत पुढं कोण होतं? त्यांचीच बायको, बनाबाई. पदर खोचलेला, चप्पल हातात. त्यांची म्हैस ओढ्याकडच्या तुकड्यात, चिंचेखाली असायची; जवळच, गावाकडच्या वाटेवर, शेताच्या पाण्याच्या मोटरची खोली होती. त्या दिवशी कुणाला काही झालं नाही, नशीब. पण संध्याकाळी भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं.

"ईज चमकत असताना चिंचंखाली जातीस? डोकं बिकं हाय का न्हाय?"

"मग म्हस काय तुमच्या त्या डब्यातल्या बाईनं आणून बांधायची व्हय? तान्ही म्हस हाय. पोटच्या पोरीगत सांभाळल्या मी."

"म्हस जाऊ दे तिकडं!"

"अवो, असं बोलू नगासा. लक्ष्मी हाय ती."

पुढं बनाबाईंनी भांडी इतक्या जोरात आपटली की मला टीव्हीचा आवाज वाढवावा लागला. पण म्हैस काही घरी आली नाही. घरामागं जागा नव्हती, आणि रानातला चारा तिथंच कापून तिथंच घालणं सोयीचं. बनाबाई रोज तीनला रानात जायच्या, धार काढून सहाला परत. फोन कधी नेला नाही. घरातल्या फळीवर चार्जिंगला लावून ठेवायच्या, म्हणायच्या, रानात कोण मला फोन करतंय.

तात्यांचं जेवण कमी झालं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, कारण दुपारचा डबा ते माझ्यासमोर खायचे आणि अर्धी भाकरी कुत्र्याला घालायचे. एक दिवस सरपंचांसमोर उभे राहिले. "बाई बोलून झाली की मला दोन मिन्टं माइक द्या. 'सुरक्षित स्थळी आश्रय घ्यावा' म्हंजे काय, हे आमच्या लोकास्नी कळत न्हाय असं न्हाय. पर वादळ म्हटलं की आमाला पयली म्हस आठवती, मग शेणी, मग मिरच्या. आपण स्वतः आठवतच न्हाय. कोण कुठं असतंय ते मला ठावं हाय. मी सांगतो त्यास्नी."

सरपंच म्हणाले, सरकारी इशाऱ्यात आपली भर नको, उद्या काही झालं तर अंगाशी येईल. आणि मी, शहाणी, मान डोलावली. वर म्हटलं, "मध्येच मशीन बंद केलं तर बिघडेल." तात्यांनी माझ्याकडं बघितलं. टॉवेल झटकला आणि पाणी सोडायला गेले.

मग तो दिवस आला. मेचा तिसरा आठवडा, दुपारचे चार. ऑफिसात मी आणि तात्या दोघंच. डबा किंचाळला. बाहेर ऊन होतं, पण उगवतीला आभाळ वांग्याच्या रंगाचं झालेलं. बाई सुरू झाली, "पुढील एका तासात..." आणि तात्या जागेवरून उठले.

"क्रांते, ती रानात हाय."

मी काही बोलायच्या आत त्यांनी डब्याची वायर उपटली. बाई अर्ध्या वाक्यात बंद. त्यांनी माइक हातात घेतला, बटण दाबलं, आणि नुसतेच उभे राहिले. कर्ण्यांतून त्यांचा श्वास गावभर ऐकू येत होता.

का थांबले ते मला कळलं. आमच्याकडं त्यांच्या वयाची माणसं चारचौघांत बायकोचं नाव घेत नाहीत. "अगं ए", "ऐकलं का", नाहीतर मुलाच्या नावानं "उदयसिंहाची आई". मी शेजारी राहून कधी त्यांच्या तोंडून बनाबाईंचं नाव ऐकलं नव्हतं. आणि "अगं ए" म्हटलं तर रानातल्या कुठल्या बाईनं ओ द्यायची?

"बना," तात्या म्हणाले.

मग मोठ्यानं, "बना! बनाबाई! मी बोलतोय. म्हशीजवळ जाऊ नगं. दावं सोडू नगं. चिंचंखालनं भाईर नीघ आन् मोटरच्या खोलीत जा, दार लावून घे. म्हस मेली तर मरू दे. म्हस दुसरी आणीन. तुला कुठनं आणू?"

ते थांबलेच नाहीत.

"बायडाबाई, पाटी ठेव खाली, आंब्याखाली जाऊ नगं, कैऱ्या मी इकत आणून देतो. शांतव्वा, शेणी भिजू देत, तू घरात जा. वड्याकडंची सगळी माणसं, झाडाखाली हुबं ऱ्हाऊ नगासा, देसायांच्या गुऱ्हाळाच्या घरात जावा..."

एकेकाचं नाव, एकेकाची जागा. पंचवीस वर्षं गल्लीगल्लीत पाणी सोडलेला माणूस, कोण किती वाजता कुठं असतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. खिडकीतून बघितलं तर बायडाबाई खरंच उलटी फिरली होती. पाटी डोक्यावर धरून घराकडं पळत होती, आणि पळता पळता तात्यांना शिव्या देत होती.

लाईट गेली. माइक मेला. तात्यांना ते कळलंच नाही, त्या बंद माइकात ते आणखी दोन नावं बोलले. मी हळूच त्यांच्या हातातून माइक काढून घेतला.

पाऊस आला तो आडवाच. गारा पत्र्यावर अशा की बोललेलं ऐकू येईना. तात्या दाराकडं निघाले. मी आडवी उभी राहिले. "तुम्हीच आत्ता काय सांगितलंत गावाला? बसा खाली!" एरवी मला त्यांनी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी बसले. ओढ्याच्या बाजूला एक वीज अशी पडली की खिडकीच्या काचा हलल्या. तात्यांनी डोळे मिटून घेतले, ते पाऊण तास उघडले नाहीत. मी मनातल्या मनात जोतिबाला नवस बोलले.

पाऊस ओसरला तसे निघालो. चिखलात त्यांची एक चप्पल अडकली, ती तिथंच सोडून गेले. चिंच लांबूनच दिसली. बुंधा वरपासून खालपर्यंत उकललेला, पांढरा. खाली म्हैस आडवी पडलेली. दावं खुंट्याला तसंच होतं. तात्या म्हशीकडं गेले नाहीत. चिंचेच्या चहूबाजूंनी नुसते बघत राहिले.

मोटरच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. तात्यांनी दारावर हात ठेवला, पण वाजवेनात. मीच वाजवलं.

बनाबाई आत स्टार्टरच्या खाली, कोपऱ्यात बसल्या होत्या. रेडकू त्यांच्या पायाशी. ते चिंचेपाशी मोकळं होतं, त्यांच्या मागोमाग आलेलं. दाराच्या फटीतून त्यांना म्हशीचं कळलं होतं. डोळे सुजलेले, नाक लाल. आम्हाला बघून पदरानं तोंड पुसलं.

तात्या उंबऱ्यावर बसले. "आयकलंस तू," एवढंच म्हणाले.

"दावं सोडायच लागलेली," बनाबाई म्हणाल्या. "ती बाई बोलत हुती तवर मी म्हशीपाशीच हुते. बोलू दे म्हटलं, ती रोजच बोलती. मग तुमी नाव घेटलंसा." त्या रेडकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "चौतीस वर्सांत कधी घेटलं न्हाईसा. मला वाटलं, तुमचंच काय तरी झालं. शेवटची हाक मारालायसा असं वाटलं. हातातलं दावं तसंच टाकलं आन् गावाकडं पळत सुटले. ह्या दारापाशी आले तवा पुढचं ऐकाय आलं, खोलीत जा म्हणून."

तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढला. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण रडताना अजिबात आवाज आला नाही.