आईबापाच्या लग्नाची पत्रिका

पालघरला स्टेशनपासून दोन गल्ल्या सोडून माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. माझा स्वभाव तापट, हे गिऱ्हाइकंही जाणतात. मोर हवा की कलश, यावर अख्खं घर माझ्या दुकानात भांडतं आणि शेवटी मलाच विचारतं, "भाग्यश्रीताई, तुम्हीच सांगा." मी सांगते, आणि ते दुसरंच घेतात. असल्या लोकांवर मी बिनदिक्कत डाफरते. पण जमुना दुमाडावर मात्र माझा आवाज कधी चढला नाही.

ती आतल्या डोंगराकडच्या पाड्यावरची. पहिल्यांदा आली तेव्हा सोबत मुलगा अंकुश होता आणि नवरा सुका. सुका दुकानात आलाच नाही, बाहेर पायरीवर दम खात बसला. दगडखाणीच्या धुळीनं त्याची छाती पार कामातून गेली होती. अंकुश बोईसरला कंपनीत लागलेला, इस्त्रीचा शर्ट, मोबाइलमध्ये पत्रिकेचा मजकूर तयार. नवरी हेमाली, पाम गावची. मी नावं उतरवून घ्यायला लागले तशी जमुना म्हणाली, "बाय, त्याच्या आदी आमचं लिव."

"आईवडिलांची नावं खाली येतात, निमंत्रकांत," मी म्हटलं.

"तसं नाय. आमचं बी लगीन हाय. त्याच मांडवात. आदी आमचं, मंग त्याचं."

मी पेन खाली ठेवलं. तिनं मग सांगितलं. तरुणपणी ती सुकाच्या घरी राहायला आली ती आलीच. पावसाची शेती उरकली की दोघं वीटभट्टीवर जात आणि लग्नसराई सगळी भट्टीवरच सरे. यंदा करू, पुढच्या साली करू म्हणता म्हणता पोरं झाली, मोठी झाली, लग्न तेवढं राहिलं. पाड्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही, कितीतरी घरांत तसंच आहे. पण तिथली रीत अशी, की आईबापाचं लग्न लागल्याशिवाय त्यांना पोराच्या अंगाला हळद लावता येत नाही. म्हणून धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई, आधी थोरल्यांचं लग्न लावते आणि मग पोराचं.

अंकुश खाली बघत होता. "आये, मांडवात लाव ना काय ते. सकाळी, घरच्या घरी. पत्रिकेत कशाला? कंपनीतले लोक हसतील."

"चोरून करू का?" जमुना म्हणाली. "लगीन चार लोकांना सांगून करतात. याच्या छातीचं काय खरं नाय. हा असाच गेला तं मी याची कोन?"

बाहेर पायरीवर सगळं ऐकू जात होतं. सुका खांबाला धरून उठला. "रावू दे गं," तो म्हणाला. "पोराचं छाप."

जमुना वाद घालणाऱ्यातली नव्हती. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि त्याच्यामागून निघून गेली. त्या पोराच्या दोन कानाखाली वाजवाव्यात असं मला फार वाटलं. पत्रिकेचं काम तसंच राहिलं.

आठवडाभरानं अंकुश एकटाच आला. बराच वेळ नमुने उलटेपालटे करत बसला.

"ताई, बाबा आता स्वतःचं लग्नच नको म्हणतो. धवलेरी ठरवायला आली होती, तिला परत पाठवलं. पोराला लाज वाटते, म्हणाला. आये चुलीपुढं बसून रडली. तिला रडताना मी कधी बघितलं नव्हतं." त्यानं नमुने बाजूला सारले. "छापा दोघांचं. वर त्यांचं."

आता प्रश्न निमंत्रकाचा. मुलाच्या लग्नाला बोलवायला आईबाप असतात, पण जमुना-सुकाचे आईबाप केव्हाच गेलेले. लोकांना बोलावणार कोण?

"माझं नाव टाका," अंकुश म्हणाला.

इतक्या वर्षांत असा मजकूर माझ्या हातून कधी गेला नव्हता. 'आमचे आईवडील जमुना आणि सुका यांचा शुभविवाह' असं मी लिहिलं आणि खाली निमंत्रक, अंकुश. त्यानं ते दोनदा वाचलं. "माझं बारीक ठेवा, त्यांचं मोठं," एवढंच तो म्हणाला.

गिऱ्हाइकांच्या लग्नाला मी जात नाही, या लग्नाला गेले. सुका मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, धवलेरीचं गाणं लांबलं की मान टेकवायचा. आधी त्या दोघांना हळद लागली, मग जमुनानं आपल्या हातांनी अंकुशला लावली. कंपनीतले दोघं-तिघं आले होते. कुणी हसलं नाही.

भाद्रपदात सुका गेला. दिवसकार्याची पत्रिका करायला मायलेक माझ्याकडेच आले. नेहमीच्या सवयीनं मी मुलाचं नाव वर लिहायला घेतलं. जमुनानं माझा हात धरला.

"पयलं माझं लिव, बाय. बायको म्हून."

मी तिच्याकडे बघितलं.

"लगीन झालंय आमचं," ती म्हणाली. "तूच तं छापलंस."